विमानतळाच्या सातत्य आराखड्याची सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका धावपट्टीच्या विमानतळावर कामकाज सातत्याचा आराखडा, म्हणजे काही बंद पडलं तरी काम चालू कसं ठेवायचं हे सांगणारा, आपण सगळे ज्याला बीसीपी म्हणतो तो, तयार करायचं काम तुमच्याकडे आलं आहे. जोखीम नोंदवहीत १४० धोके लिहून झाले, प्रत्येकाला शक्यता आणि परिणामाचे गुण दिले, लाल-पिवळे-हिरवे रंग भरले. आता प्रत्येक लाल धोक्यासाठी वेगळा आराखडा लिहायला घेतला आणि सहाव्यावरच दमछाक झाली. हे असंच पुढे न्यायचं का? आणि शेवटी हा आराखडा किती पानांचा असावा?

आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. लिहिणं थांबवा. नोंदवही जपून ठेवा, ती लागणार आहे, पण दुसऱ्या कामासाठी.

मी विमानतळ ऑपरेशन्समध्ये बावीस वर्षं आहे. सुरुवातीला मीही असेच धोकावार आराखडे लिहिले होते: पुराचा एक, विजेचा एक, संपाचा एक. ज्या रात्री त्यांची खरोखर गरज पडली त्या रात्री ड्यूटी मॅनेजरने एकही फाइल उघडली नाही. कारण साधं होतं. अर्ध्या टर्मिनलचे दिवे गेले होते, बॅगेज बेल्ट थांबले होते, आणि हे कशामुळे झालं ते पहिली चाळीस मिनिटं कुणालाच माहीत नव्हतं. केबल जळाली, पाणी शिरलं की कुणी चुकीचा ब्रेकर पाडला? मग कुठली फाइल उघडायची? आपत्तीच्या पहिल्या तासात कारण जवळजवळ नेहमीच धूसर असतं. काय बंद पडलंय हे मात्र पहिल्या मिनिटालाच दिसतं. म्हणून आराखडा काय बंद पडलं त्यावर बांधायचा.

तुमचे १४० धोके शेवटी मोजक्याच वाटांनी आत येतात. वीज जाते. धावपट्टी किंवा टॅक्सीवे (धावपट्टीपर्यंत विमान नेणारा रस्ता) वापरता येत नाही. टर्मिनलचा भाग रिकामा करावा लागतो. संगणक प्रणाली झोपते. माणसं येऊ शकत नाहीत. विमानतळाकडे येणारा रस्ता तुटतो. इंधन किंवा पाणी संपतं. आकाश बंद होतं, मग ते हवाई नियंत्रणाच्या बिघाडाने असो, ड्रोनने असो किंवा २०१० साली आइसलँडच्या ज्वालामुखीने केलं तसं राखेने असो. या आठ गोष्टींची तयारी नीट झाली, तर यादीत नसलेला १४१ वा धोकाही झेलता येतो.

आता दुसरी पायरी, आणि यावर मी सर्वांत जास्त वेळ द्यायला सांगेन. प्रत्येक सेवेपुढे एक आकडा लिहा: ही सेवा किती वेळ बंद राहिली तर चालेल? कामकाज सातत्याचं आंतरराष्ट्रीय मानक असलेल्या आयएसओ २२३०१ मध्ये परिणाम विश्लेषणाची जी रीत आहे तिचा गाभा हाच आहे. हा आकडा खोलीत बसून ठरवू नका. त्या त्या सेवेच्या शिफ्ट सुपरवायझरला विचारा आणि नियम तपासा.

काही आकडे नियमांनीच ठरवून दिलेत. आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, परिशिष्ट १४ प्रमाणे कॅट दोन आणि कॅट तीनच्या (फार कमी दिसत असतानाच्या) लँडिंगसाठी धावपट्टीच्या मध्यरेषेचे दिवे पर्यायी विजेवर १ सेकंदात यावे लागतात. कॅट एकसाठी ही मुदत १५ सेकंदांची आहे. जनरेटर एका सेकंदात लोड घेऊ शकत नाही, म्हणून तिथे यूपीएस लागतो किंवा दाट धुक्यात जनरेटर आधीच चालू ठेवून मुख्य वीज मागे ठेवावी लागते. अग्निशमन दलाला धावपट्टीच्या कुठल्याही बिंदूपर्यंत ३ मिनिटांच्या आत पोहोचता आलं पाहिजे, आणि गाड्या, फोम व माणसं ठरलेल्या संख्येने हजर असली पाहिजेत. एक मोठा फायर टेंडर दुरुस्तीला गेला आणि दुसरा त्याच आठवड्यात बिघडला, की विमानतळाची अग्निशमन श्रेणी खाली येते आणि मोठी विमानं उतरवता येत नाहीत. धावपट्टी चकाचक, हवा स्वच्छ, तरी मोठ्या विमानांसाठी तुम्ही बंद. तुमच्या नोंदवहीत ही ओळ आहे का, बघा. बहुतेक ठिकाणी नसते, कारण ‘वाहन देखभाल’ हे वाहन विभागाचं काम समजलं जातं.

बाकीचे आकडे तुम्हालाच काढावे लागतात. एक गणित करून दाखवते. समजा तुमच्याकडे ३० स्टँड, म्हणजे विमानं उभी करायच्या जागा, आहेत आणि संध्याकाळी सहाला २२ भरलेले आहेत. तासाला १० विमानं उतरतात. टर्मिनलमध्ये काहीतरी घडलं आणि निघणारी उड्डाणं थांबली, पण उतरणारी चालू राहिली. रिकामे स्टँड ८. म्हणजे ४८ मिनिटांत एप्रन, अर्थात विमानं उभी करायचं सगळं आवार, भरला. त्यानंतर उतरलेलं विमान टॅक्सीवेवर उभं राहणार, आतले प्रवासी आतच बसणार. आणि पुढच्या दोन तासांत उतरायची बरीचशी विमानं आत्ताच हवेत आहेत. म्हणजे ‘येणारी विमानं रोखा’ हा निर्णय एप्रन भरल्यावर घेऊन उपयोग नाही, तो पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच घ्यायचा असतो. हे गणित सकाळच्या गर्दीसाठी, दुपारसाठी आणि रात्रीसाठी वेगवेगळं करून कंट्रोल रूमच्या भिंतीवर लावा. आमच्याकडे ते लावल्यापासून रोखण्याचा फोन अर्धा तास लवकर जायला लागला.

आणि स्वच्छतागृहं! कुठल्याही पहिल्या मसुद्यात ती नसतात. पाण्याचे पंप विजेवर चालतात. वीज गेल्यावर टाकीत किती तासांचं पाणी आहे? भरलेल्या टर्मिनलमध्ये फ्लश बंद पडले की तुम्ही कितीही चेक-इन चालू ठेवा, इमारत रिकामी करायची वेळ येते. पंपाला जनरेटरची जोडणी आहे का, एवढं आजच विचारा.

तिसरी गोष्ट: पर्याय खरोखर स्वतंत्र आहे का?

१७ डिसेंबर २०१७ ला अटलांटाच्या विमानतळाची, म्हणजे जगातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एकाची, वीज सुमारे ११ तास गेली. हजारांहून अधिक उड्डाणं रद्द झाली. जमिनीखालच्या एका बोगद्यात स्विचगिअरला, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या यंत्रणेला, आग लागली होती. पर्यायी पुरवठ्याच्या केबल त्याच बोगद्यातून, शेजारून जात होत्या. मुख्य पुरवठा आणि त्याचा पर्याय एकाच आगीत गेले. कागदावर दोन फीडर (वीज आणणाऱ्या मुख्य वाहिन्या) होते, पण जळायला जागा एकच होती.

दुसरं उदाहरण केबलचं नाही, सॉफ्टवेअरचं आहे. २८ ऑगस्ट २०२३ ला ब्रिटनच्या हवाई वाहतूक नियंत्रणात उड्डाण योजना वाचणारी यंत्रणा थांबली. एका योजनेत एकाच सांकेतिक नावाचे हवाई मार्गावरचे दोन बिंदू होते, एक अमेरिकेत आणि एक फ्रान्समध्ये. मुख्य यंत्रणेला तो गुंता सुटेना, म्हणून ती सुरक्षिततेसाठी बंद झाली. पर्यायी यंत्रणेने लगेच काम हाती घेतलं, तीच योजना वाचली आणि तीही बंद झाली. दोन्हींत सॉफ्टवेअर एकच होतं. त्या दिवशी सुट्टी होती. ज्या अभियंत्याची गरज होती त्याला प्रत्यक्ष जागेवर पोहोचायला दीड तासाच्या आसपास लागला. सात लाखांहून अधिक प्रवाशांना फटका बसला.

लंडनच्या हीथ्रो विमानतळाचं प्रकरण तुम्ही वाचलंच असेल. २० मार्च २०२५ च्या रात्री विमानतळाला वीज देणाऱ्या तीन सबस्टेशनपैकी एकाला, नॉर्थ हाइडला, आग लागली आणि २१ मार्चला विमानतळ जवळजवळ दिवसभर बंद राहिला. चर्चा झाली ती ‘एवढ्या मोठ्या विमानतळाकडे बॅकअप नव्हता का’ अशी. होता. धावपट्टीचे दिवे आणि नियंत्रण मनोरा यांच्यासाठीची आपत्कालीन व्यवस्था चालली. उरलेल्या दोन सबस्टेशनमधून वीजही मिळू शकत होती. पण आतलं जाळं त्या दोनांवर वळवून घ्यायला आणि शेकडो यंत्रणा तपासून पुन्हा उभ्या करायला दहा-बारा तास लागणार होते. म्हणजे ‘पर्याय आहे का’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘पर्यायावर यायला किती वेळ लागतो, तो बदल कोण करतो, आणि तो माणूस रात्री दोन वाजता कुठे असतो’ असं विचारायला हवं. दहा तासांचा चेंजओव्हर आणि चार तासांची सहनशक्ती यांचा मेळ बसत नसेल, तर ती तुमची पहिल्या क्रमांकाची जोखीम आहे. नोंदवहीत तिला कोणताही रंग असो.

हीथ्रोच्या आगीच्या चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्या ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगमध्ये (वीजवाहक आत-बाहेर नेणाऱ्या विद्युतरोधक भागात) ओलावा शिरून बिघाड झाला, तिथला वाढलेला ओलावा २०१८ मध्येच तपासणीत दिसला होता. दिसलेली जोखीम सात वर्षं तशीच राहिली. म्हणून नोंदवहीतल्या प्रत्येक लाल ओळीपुढे एका माणसाचं पद आणि तारीख लिहा, आणि तारीख पुढे ढकलायची तर कारणासह वरिष्ठांची सही घ्या.

हे सगळं शोधायला नकाशा पुरत नाही, पायांनी चालावं लागतं. एका विमानतळावर आम्ही वीज विभागाच्या सुपरवायझरांना सोबत घेऊन दोन्ही फीडरच्या मार्गाने सबस्टेशनपासून टर्मिनलपर्यंत चालत गेलो. नकाशात दोन्ही केबल मार्ग एकमेकांपासून दूर, दोन वेगळ्या रंगांत दाखवले होते. कार्गोच्या मागे एका चेंबरचं झाकण उचललं तर आत दोन्ही केबल एकाच ट्रेमध्ये, वितीच्या अंतरावर. सुपरवायझर खाली वाकून बॅटरीच्या उजेडात टॅग वाचत होते. म्हणाले, “मॅडम, एप्रन वाढवला ना, तेव्हा खोदाई वाचवायला हलवली असणार.” नकाशा कुणी बदलला नव्हता. त्याच चेंबरमधून दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या फायबर लाइनही जात होत्या. आमचे दोन ‘स्वतंत्र’ इंटरनेट पुरवठेही तिथेच एकत्र येत होते. त्या एका झाकणाखाली आमच्या नोंदवहीतले चार ‘हिरवे’ धोके लाल झाले.

चालताना तळघरं विशेष बघा. २०१३ च्या नाताळच्या आदल्या दिवशी लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाच्या नॉर्थ टर्मिनलमध्ये पुराचं पाणी विजेच्या स्विचरूममध्ये शिरलं आणि नाताळला घरी निघालेले हजारो लोक अडकले. सप्टेंबर २०१८ मध्ये जेबी वादळात ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावर समुद्राचं पाणी आलं, तेव्हाही तळघरातली विजेची यंत्रणा बुडाली. स्विचगिअर वरच्या मजल्यावर नेणं खर्चिक आहे; पण दाराला पूररोधक झडपा, स्वतंत्र विजेवरचे पंप आणि पाण्याची पातळी सांगणारा सेन्सर हे येत्या बजेटमध्ये बसतं.

कान्साईने आणखी एक गोष्ट शिकवली. ते विमानतळ बेटावर आहे. वादळात एक टँकर जहाज वाहत येऊन जोडपुलावर आदळलं आणि हजारो प्रवासी व कर्मचारी रात्रभर बेटावर अडकले. तुमच्याकडे समुद्र नसेल, पण येण्याचा मुख्य रस्ता एकच असेल तर तुम्हीही बेटावरच आहात. आतली शिफ्ट बाहेर जाऊ शकत नाही आणि पुढची आत येऊ शकत नाही. बारा तास काम केलेल्या एक्स-रे ऑपरेटरला आणखी आठ तास बसवता येत नाही, नियमानेही नाही आणि डोळ्यांनाही झेपत नाही. झोपायला जागा, कोरडे कपडे, रोजची औषधं घेणाऱ्यांसाठी सोय, आणि कोणत्या सेवेत कमीत कमी किती माणसांवर चालेल हा आकडा, हे आधी ठरवा. प्रवाशांसाठीही तेच: पाणी, बसायला जागा, फोन चार्ज करायची सोय, आणि दर अर्ध्या तासाला घोषणा, नवीन सांगण्यासारखं काही नसलं तरीही. माहितीविना बसलेली गर्दी काउंटरवर चालून येते आणि मग उरलेलं कामही थांबतं.

संगणकाबद्दल. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि कित्येक विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहिले गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये चेक-इन प्रणाली पुरवणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला (संगणक अडवून खंडणी मागणारा सायबर हल्ला) झाला, आणि ब्रसेल्स, बर्लिन, हीथ्रो इथल्या काउंटरवर रांगा लागल्या. त्या विमानतळांचे स्वतःचे सर्व्हर ठीक होते. म्हणून पुरवठादारही नोंदवहीत आला पाहिजे. ‘प्रणाली बंद पडल्यास हाताने काम करावे’ हे वाक्य मी अनेक आराखड्यांत वाचलंय आणि ते मला स्वस्थ बसू देत नाही. हाताने म्हणजे किती? एका रात्री चार काउंटर घ्या, एअरलाइनची माणसं बसवा, घड्याळ लावा आणि मोजा. तासाला काउंटरमागे किती प्रवासी झाले? त्यावरून किती उड्डाणं निघतील ते कळेल, आणि उरलेली आधीच रद्द करावी लागतील हेही कळेल. कोऱ्या बोर्डिंग पासचे गठ्ठे, बॅगेचे हाताने लिहायचे टॅग, ठरावीक वेळेला निघणारी प्रवासी यादीची छापील प्रत, हे सगळं प्रत्यक्ष कपाटात आहे ना, ते बघा.

यातून पुढचा मुद्दा निघतो. विमानतळ एकतर चालू असतो किंवा बंद, असं आपण बोलतो, पण खरा बराचसा काळ अर्धवट चालू असण्यात जातो. त्यासाठी तीन-चार टप्पे ठरवा: उदाहरणार्थ साठ टक्के, तीस टक्के, आणि फक्त आपत्कालीन लँडिंग. प्रत्येक टप्प्याला कोणती सेवा किती लागते, आणि उड्डाणं कमी करायची तर एअरलाइन्समध्ये वाटप कसं, हे शांत काळात त्यांच्यासोबत बसून लेखी ठरवा. ऐन वेळी प्रत्येक एअरलाइनचं प्रत्येक विमान महत्त्वाचं असतं.

पर्यायी जागेचाही विचार करा. ऑगस्ट २०१८ च्या पुरात कोची विमानतळ दोन आठवडे बंद होता. त्या काळात शहरातल्या नौदलाच्या आयएनएस गरुड तळावरून २० ऑगस्टपासून छोट्या विमानांची प्रवासी सेवा चालली. एक दार तरी उघडं राहिलं. तुमच्या आसपास असा तळ किंवा छोटं विमानतळ असेल तर बोलणी आत्ताच करा: सुरक्षा तपासणीची यंत्रं कोण नेणार, इंधन कुठून येणार, प्रवाशांना तिथपर्यंत कोण नेणार.

पुन्हा सुरू करण्याचा क्रम हा आराखड्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. वीज आली म्हणजे विमानतळ सुरू झाला असं होत नाही. आधी अग्निशमन आणि धावपट्टीची पाहणी, मग फायर अलार्म आणि आगीच्या वेळी बाहेर पडायच्या वाटा तपासून इमारत ताब्यात घेणं, मग सुरक्षा तपासणी आणि बॅगेज, मग इमिग्रेशन-कस्टम्सचे संगणक, आणि तोवर क्रूची ड्यूटी संपलेली असते, विमानं भलत्याच शहरांत उभी असतात. आधी उतरणारी घ्यायची की निघणारी? माझं मत: आधी स्टँड मोकळे करणारी, म्हणजे निघणारी. पण रिकामी विमानं बाहेरून आणायची असतील तर उलट. हे तुमच्या स्टँडच्या गणितावर ठरेल.

निर्णयाचा अधिकार एका ओळीत लिहा. हीथ्रोच्या त्या रात्री मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचा फोन सायलेंटवर होता; बंदचा निर्णय दुसऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याने घेतला आणि तो घेता आला, कारण घेणारा कुणीतरी होता. तुमच्या रात्रीच्या ड्यूटी मॅनेजरला येणारी विमानं थांबवण्याचा, टर्मिनल रिकामं करण्याचा अधिकार नावाने नाही तर पदाने, लेखी द्या. आणि त्याने घाईने निर्णय घेतला म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला खुर्चीत बसवून जाब विचारू नका. एकदा विचारलात की पुढच्या वेळी तो परवानगीची वाट बघत बसेल.

सराव. आयकाओच्या नियमाप्रमाणे दोन वर्षांतून एकदा तरी पूर्ण मॉक ड्रिल होतेच, पण ती बहुतेक ठिकाणी विमान अपघाताची असते आणि आपत्कालीन आराखडा तपासते. सातत्याचा सराव वेगळा. रात्री कमी रहदारीत, सगळ्यांना कळवून, मुख्य पुरवठा खरोखर तोडा आणि जनरेटर लोड घेतो का ते बघा. बिनलोड दहा मिनिटं जनरेटर चालवून रजिस्टरवर सही करणं म्हणजे चाचणी नव्हे. असं पहिल्यांदा केलं तेव्हा आमचा जनरेटर व्यवस्थित चालू झाला. बंद पडलं ते बाहेरचं फाटक: डिझेलचा टँकर ज्या फाटकातून येतो त्याच्या पास यंत्रणेचा सर्व्हर जनरेटरवर नव्हताच.

आता पानांचा प्रश्न. परिशिष्टं हवी तेवढी मोठी होऊ द्या. ड्यूटी मॅनेजरच्या हातात मात्र दोनच पानं द्या, लॅमिनेट केलेली: पहिल्या पानावर आठ ‘काय बंद पडलं’ आणि प्रत्येकापुढे पहिल्या पंधरा मिनिटांची कामं व तासांची मर्यादा, दुसऱ्या पानावर छापील फोन नंबर. हे नंबर दर तीन महिन्यांनी रात्री अकरानंतर खरोखर लावून बघा. आम्ही पहिल्यांदा लावले तेव्हा ४१ पैकी ९ लागलेच नाहीत. त्या नवांत जनरेटरला डिझेल पुरवणाऱ्याचा नंबर होता.